रेडीमेड एनपीसी स्टॅट्स: फुकट काय मिळतं आणि टेबलवर काय टिकतं

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांचा कथा-खेळ, चालवणाऱ्याला (म्हणजे डीएमला) राक्षस कधी कमी पडत नाहीत, कमी पडतात ती माणसं, म्हणजे एनपीसी, प्लेअर्सऐवजी डीएम चालवतो ती पात्रं. ड्रॅगन, गॉब्लिन, ऑर्क यांची पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, पण प्लेअर्स गुहेत जातील म्हणून तुम्ही गुहा तयार ठेवता आणि ते जकातनाक्यावरच्या कारकुनाशी भांडण उकरून काढतात, मग त्या कारकुनाचा एसी किती (त्याला वार लागायला फाशाने गाठायचा आकडा), एचपी किती (मार सोसायची ताकद), तो पळेल की पहारेकऱ्याला हाक मारेल हे सगळं तिथल्या तिथे लागतं आणि पाच जण तुमच्या तोंडाकडे बघत बसलेले असतात.

मी पार्ल्याला मैत्रिणीच्या घरी रविवारी दुपारी गेम चालवते. आमचं कॅम्पेन, म्हणजे दर आठवड्याला पुढे जाणारी गोष्ट, एका काल्पनिक सात बेटांच्या बंदरात घडतं, थोडं जुन्या मुंबईसारखं, खाडी, धक्का, किल्ला, कोळीवाडे, फक्त जादू चालते एवढंच. त्यामुळे मला रोज लागतात ते तांडेल, खबरी, हमाल, शिपाई, सावकार, पुजारी, वकील. एवढ्या सगळ्यांचे स्टॅट्स, म्हणजे खेळातले हे आकडे, स्वतः बसून बनवायचे तर नोकरी सोडावी लागेल, म्हणून आयते कुठे कुठे मिळतात ते सगळं मी वापरून बघितलंय, आणि त्याचाच हा रिव्ह्यू.

आधी निकाल सांगून टाकते, मग ज्यांना डिटेल हवंय त्यांनी पुढे वाचा. डी अँड डीच्या पाचव्या एडिशनवर खेळत असाल तर एसआरडी ५.१ या नियमांच्या फाईलची फुकट पीडीएफ उतरवा आणि तिच्या शेवटच्या पानांवरचे एनपीसी प्रिंट करून घ्या, ९० टक्के काम तिथेच होतं. पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाची सेकंड एडिशन खेळत असाल तर आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साईटच्या पलीकडे बघायची गरजच नाही. आणि "हजार एनपीसी एकाच पॅकमध्ये" टाइप जे काही विकत मिळतं त्याच्यावर पैसे घालवण्याआधी सँपल पानं नीट वाचा, का ते खाली सांगते.

तर एसआरडी ५.१. ही डी अँड डी काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीची ऑफिशियल नियमांची फाईल आहे, ४०३ पानांची, चित्रं नाहीत, सजावट नाही, नुसता मजकूर. पूर्वी ती ओपन गेम लायसन्सखाली होती, मग जानेवारी २०२३ मध्ये ते लायसन्स बदलायच्या प्रकरणावरून जो काय गदारोळ झाला त्यानंतर कंपनीने आख्खी फाईल क्रिएटिव्ह कॉमन्सखाली टाकली आणि ते आता मागे घेता येत नाही. म्हणजे नाव नमूद केलं की तुम्ही ती वापरू शकता, बदलू शकता, मराठीत आणून वाटू शकता, अगदी छापून विकूही शकता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. डोंबिवलीला माझा मावसभाऊ सोसायटीतल्या आठवी-नववीच्या पोरांना गेम शिकवतो, त्याला मी मराठीत कार्डं करून दिली आणि कुणाची परवानगी मागावी लागली नाही, खाली क्रेडिटची ओळ टाकली आणि झालं.

या फाईलमध्ये एनपीसी आहेत २१. ऐकायला कमी वाटतं पण कोण कोण आहे बघा: साधा गावकरी म्हणजे कॉमनर, गार्ड, बँडिट आणि त्यांचा कॅप्टन, ठग, स्पाय, स्काउट, नोबल, नाइट, व्हेटरन, ग्लॅडिएटर, बर्सर्कर, अकोलाइट, प्रीस्ट, कल्टिस्ट आणि त्यांचा फॅनॅटिक, ड्रुइड, मेज म्हणजे जादूगार, त्याच्या वरचा आर्कमेज, असॅसिन, ट्रायबल वॉरियर. कुठल्याही शहराला लागणारी जवळपास सगळी मंडळी यात येतात. कॉमनर ४ एचपीचा, आर्कमेज चॅलेंज रेटिंग (किती कठीण ते सांगणारा आकडा) १२ चा, म्हणजे पहिल्या लेव्हलपासून बऱ्याच वरपर्यंत पुरतं. शिवाय वंशाचे गुण लावा, चिलखत बदला, शस्त्र बदला, स्पेल म्हणजे मंत्र बदला असं सांगितलेलंच आहे, वंशाचे गुण लावल्याने चॅलेंज रेटिंग बदलत नाही हेही स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे तोच गार्ड बुटका ड्वॉर्फ पण होतो आणि एल्फ पण.

यातला एक जवळून दाखवते म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. ठग घ्या. एसी ११, एचपी ३२, चॅलेंज रेटिंग अर्धा. एसी ११ बघून नवीन डीएमला वाटतं काय फालतू आहे, चार सोडूया. पण त्याच्याकडे पॅक टॅक्टिक्स आहे, म्हणजे समोरच्याच्या पाच फुटांत त्याचा दुसरा साथीदार उभा असला की प्रत्येक वाराला अ‍ॅडव्हांटेज, म्हणजे फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा, आणि एका टर्नला तो गदेचे दोन वार करतो, फाशात +४ मिळवून, प्रत्येकी सरासरी ५ डॅमेज. आता हिशोब करा. एसी १५ च्या फायटरला त्याचा वार एरवी ५० टक्के वेळा लागला असता, अ‍ॅडव्हांटेजने ७५ टक्के लागतो, चार ठग म्हणजे आठ वार, म्हणजे एका राउंडला सरासरी ३० डॅमेज. दुसऱ्या लेव्हलच्या फायटरकडे साधारण २० एचपी असतात. पहिल्याच राउंडला तो आडवा. २०१४ च्या नियमांप्रमाणे एन्काउंटरचं गणित मांडलं तरी दुसऱ्या लेव्हलच्या चार जणांवर चार ठग म्हणजे बरोब्बर डेडली कॅटेगरी येते, त्यामुळे गणित खोटं बोलत नाही, आपण ते मांडत नाही एवढंच. मी ठगांना भाईचे पंटर म्हणून वापरते, तीनच ठेवते, आणि जागा अशी देते की त्यांना एकत्र घेरता येऊ नये, मच्छी सुकवायच्या काठ्यांमधली बोळं वगैरे. प्लेअर्सच्या लक्षात आलं की यांना वेगळं केलं तर हे ढिले पडतात की त्यांना जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो. चार ओळींच्या स्टॅट ब्लॉकमधून आख्ख्या लढाईचा प्लॅन निघतो, आणि चांगला स्टॅट ब्लॉक मी यालाच म्हणते.

स्पाय तर मी सगळ्यात जास्त वापरते. एचपी २७, एसी १२, पण त्याचं खरं काम स्किल्समध्ये आहे. पर्सेप्शन (आजूबाजूचं टिपणं) +६, म्हणजे पॅसिव्ह (मुद्दाम न बघताही) १६, डिसेप्शन (फसवणं) +५, इन्व्हेस्टिगेशन (शोध घेणं) +५, पर्स्युएशन (पटवणं) +५. गार्डचं पॅसिव्ह पर्सेप्शन १२ आहे, त्याच्या बाजूने आमच्या टेबलवरचा रोग (चोर प्रकारचं पात्र) नेहमी सटकून जातो, पण धक्क्यावर चहा पीत बसलेला खबरी त्याला बघतोच. हाच स्पाय मी सावकाराचा मुनीम म्हणून वापरलाय, वेषांतर केलेली राणी म्हणून वापरलाय, वर्तमानपत्रवाला म्हणून पण वापरलाय, आणि टेबलवर कुणालाही कळलं नाही कारण प्लेअर्स आकडे बघत नाहीत, ते माणूस काय बोलतो आणि काय करतो ते बघतात. आकडे तेच, कपडे वेगळे. तसंच बँडिट कॅप्टनचं, एसी १५, एचपी ६५, टर्नला तीन वार, आणि पॅरी, म्हणजे एका वारापुरता एसी दोनने वाढवायचा. आमच्याकडे तो तांडेल आहे, वेगळ्या बेटावर तोच किल्लेदार आहे. पॅरी करताना मी "त्याने तुझी तलवार वल्ह्यावर झेलली" असं म्हणते, बस, तो तांडेल झाला.

आता दोष. पहिला आणि मोठा दोष म्हणजे स्पेलवाले लोक. मेजच्या ब्लॉकमध्ये स्पेल्सची नुसती नावं आहेत, फायरबॉल, काउंटरस्पेल, आइस स्टॉर्म, कोन ऑफ कोल्ड, मिस्टी स्टेप वगैरे, कुठला काय करतो ते बघायला पुन्हा मागे स्पेलच्या पानांवर जायचं, आणि लढाईच्या मध्यात पानं उलटत बसलं की टेबल थंड पडतं. दुसरं म्हणजे हा मेज चॅलेंज रेटिंग ६ चा आणि एचपी फक्त ४०. पाचव्या लेव्हलच्या पार्टीने त्याला बेसावध गाठलं तर त्याची टर्न यायच्या आत तो गेला, आणि त्याची टर्न आधी आली तर कोन ऑफ कोल्डचे ८डी८, म्हणजे आठ बाजूंचे आठ फासे, सरासरी ३६ सगळ्यांच्या अंगावर. इकडे नाहीतर तिकडे, मधलं काही नाही. असॅसिनचंही तसंच, त्याच्या प्रत्येक वाराला विषाचे ७डी६ आहेत, सरासरी २४, कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (काटकपणावर टाकायचा बचावाचा फासा) १५ चा, पास झालं तरी निम्मं लागतंच, आणि वार दोन. पाचव्या लेव्हलचा विझर्ड साधारण ३२ एचपीचा असतो. रात्री अंधारात असॅसिन सोडायच्या आधी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघा, मग ठरवा.

दुसरा दोष, न लढणारी माणसं जवळपास नाहीतच. नोबल आहे, त्याची पर्स्युएशन आणि डिसेप्शन +५ आहे, ती ठीक. पण व्यापारी, वैद्य, वकील, न्यायाधीश, खानावळवाली कुणी नाही, सगळ्यांना कॉमनर करायचं तर त्याच्याकडे एकही स्किल नाही, सगळे गुण १०.

पहिल्या दोषासाठी नवीन एसआरडी ५.२ बघा, एप्रिल २०२५ मध्ये आला, हाही क्रिएटिव्ह कॉमन्सखालीच आहे. यात मेज खूपच सुधारलाय. एचपी ८१, आर्केन बर्स्ट नावाचा सरळ हल्ला टर्नला तीनदा, आणि स्पेल्स मोजकेच, दिवसातून किती वेळा ते शेजारीच लिहिलेलं. स्पेल स्लॉट मोजत बसायचे नाहीत. हा एकच ब्लॉक बघितला तरी कळतं की कुणीतरी टेबलवर बसून विचार केलाय. ठगचं नाव आता टफ झालंय, पायरेट आणि त्यांचा कॅप्टन आलेत, गार्ड कॅप्टन आलाय, आमच्या बंदराला हे सगळं फारच कामाचं. पण मांडणी मला अजिबात आवडली नाही. पूर्वी माणसं शेवटी एकत्र होती, आता राक्षसांमध्ये ए टू झेड मिसळली आहेत, म्हणजे शिपाई शोधायला जा तर शेजारी गार्डियन नागा. घाईत असताना नाव आठवलं नाही तर सापडत नाही. ज्यांना छापील पुस्तकच हवं त्यांनी नवीन मॉन्स्टर मॅन्युअल घ्यावं, फेब्रुवारी २०२५ चं, त्यात माणसं एसआरडीपेक्षा जास्त आहेत आणि चित्रं सुंदर आहेत, पण मांडणी तीच आणि बाहेरून येणारं हार्डबाउंड पुस्तक, त्यामुळे किंमत बघूनच ठरवा. फक्त एनपीसीसाठी मी ते घ्या म्हणणार नाही.

आता पाथफाइंडर. आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस ही साईट २०१९ पासून पाथफाइंडर काढणाऱ्या पायझो कंपनीची ऑफिशियल भागीदार आहे, सगळे नियम, सगळे प्राणी, सगळे एनपीसी, फुकट, लॉगिन नको, काही नको. २०२० च्या गेममास्टरी गाइडमधली आख्खी एनपीसी गॅलरी तिथे आहे. आणि इथे न लढणारी माणसं कशी असावीत ते शिकायला मिळतं. हमाल आहे, हार्बरमास्टर आहे, जहाजाचा कॅप्टन आहे, वकील, न्यायाधीश, खानावळवाले आहेत. वकिलाचा ब्लॉक मला फार आवडला. लढाईत त्याची लेव्हल उणे १, म्हणजे एका फटक्यात पडेल, पण तिथेच लिहिलंय की कोर्टातल्या सामन्यात त्याला वरच्या लेव्हलचा धरायचा. किती साधी आणि किती बरोबर गोष्ट आहे! फोर्टात हायकोर्टाच्या बाहेर काळा कोट घालून उभा असलेला माणूस अंगाने किरकोळ असेल पण आत जाऊन तुमची जमीन काढून घेऊ शकतो, हे पाचव्या एडिशनच्या कुठल्याही ब्लॉकमधून दाखवता येत नाही. माझ्या कॅम्पेनमध्ये कोळीवाड्याच्या जागेचा खटला चालू आहे, आणि तो वकील म्हणजे आत्तापर्यंतचा सगळ्यात भीतीदायक व्हिलन झालाय, प्लेअर्सनी त्याच्यावर तलवार उचलली तर शहरात राहता येणार नाही आणि नाही उचलली तर तो जिंकतोय.

साईटवरची दुसरी भारी सोय म्हणजे प्रत्येक ब्लॉकच्या वर एलिट आणि वीक असे पर्याय असतात. एलिट दाबलं की एसी, अटॅक, डीसी (समोरच्याने फाशाने गाठायचा आकडा), सेव्ह, स्किल सगळं दोनने वाढतं, एचपी लेव्हलप्रमाणे वाढतात, पहिल्या लेव्हलपर्यंत १०, मग २ ते ४ ला १५, मग २०, असं. एका टॅपमध्ये साध्या शिपायाचा हवालदार. पाचव्या एडिशनला असं काहीतरी ऑफिशियल हवंच होतं.

फक्त एक सांगते, पाथफाइंडरचे आकडे उचलून डी अँड डीत टाकू नका. तिथे जवळपास प्रत्येक आकड्यात लेव्हल मिळवलेली असते, त्यामुळे सहाव्या लेव्हलच्या कॅप्टनचा एसी आणि अटॅक पाचव्या एडिशनच्या टेबलवर आला तर त्याला कुणाचा वार क्वचितच लागेल आणि त्याचा मात्र जवळपास प्रत्येक वार लागेल. मी तिथून माणूस घेते, त्याचं काम, त्याची एखादी खास चाल, आणि आकडे एसआरडीतले लावते. हार्बरमास्टरची कल्पना तिकडची, अंगावरचे आकडे नोबलचे. फारच छान जमतं. पार्ल्याच्या त्या तळमजल्यावरच्या घरात नेटवर्क धड येत नाही त्यामुळे साईट लाइव्ह वापरणं जमत नाही, हवी ती पानं शनिवारीच सेव्ह करून ठेवावी लागतात, हा साईटचा दोष नाही पण ज्यांच्याकडे असंच आहे त्यांना सांगून ठेवते.

जुनं पाथफाइंडर खेळणारे अजून बरेच आहेत, त्यांच्यासाठी २०१२ चं एनपीसी कोडेक्स नेथिसच्या जुन्या विभागात आहे. सगळे कोअर क्लास, म्हणजे पात्रांचे मूळ पेशे, पहिल्या लेव्हलपासून विसाव्यापर्यंत तयार माणसं. नवव्या लेव्हलचा बार्ड हवाय? आहे. ब्लॉक लांबलचक आहेत, वाचायलाच वेळ लागतो, पण त्या सिस्टीमला माणूस हाताने बनवायचा म्हणजे एक संध्याकाळ जाते, त्यापुढे हे सोनं आहे.

आता विकतचे पॅक. नाव घेत नाही, पण एक पीडीएफ मी घेतली होती, शेकडो गावकरी आणि दुकानदार म्हणून जाहिरात होती. उघडली तर प्रत्येकाच्या बालपणाबद्दल अर्धं पान आणि खाली स्टॅट्स, ते पण चुकीचे. लोहाराची स्ट्रेंग्थ १२, म्हणजे बोनस +१, प्रोफिशियन्सी (सरावाचा बोनस) +२, मिळून +३ व्हायला हवं, तिथे लिहिलंय +७, आणि टर्नला चार वार. गावातला लोहार! त्याच्या पुढच्या पानावरच्या पहारेकऱ्याला तो दोन टर्नमध्ये झोपवेल. मग गावाला पहारेकरी कशाला हवेत, लोहारालाच वेशीवर उभा करा. डीएम हे आकडे विश्वासाने उचलतो, त्याच्याकडे तपासायला वेळ नाही म्हणूनच त्याने पैसे दिलेत, आणि विकणारा त्याला न तपासलेलं देतो, याचा मला खरंच राग येतो. तुम्ही कुठलाही पॅक घेताना सँपलमधला एक ब्लॉक घ्या, स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटीचा बोनस अधिक प्रोफिशियन्सी बरोबर अटॅक बोनस येतो का बघा, एचपीच्या कंसातल्या डाइसची सरासरी जुळते का बघा, दोन मिनिटांचं काम आहे. गार्डचं लिहिलेलं असतं ११, डाइस २डी८+२, सरासरी ९ अधिक २, बरोबर ११. इतकं साधं जुळत नसेल तर बाकीचं वाचूही नका. ऑनलाइन जनरेटर असतात त्यांनाही हीच परीक्षा लावा, नावं सुचवायला ते बरे आहेत, आकड्यांसाठी मी वापरत नाही.

छापायचं कसं ते सांगते कारण बरेच जण विचारतात. एसआरडीची फक्त एनपीसीवाली पानं ब्लॅक अँड व्हाइट काढा, चित्रं नसल्यामुळे शाई लागत नाही, स्टेशनबाहेरच्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे वडापावच्या पैशात होतं. मग प्रत्येक ब्लॉक कापून जाड कागदावर चिकटवा आणि मागच्या बाजूला स्वतःच्या हाताने एक ओळ लिहा, एसी, एचपी, वार, आणि एक खास चाल, एवढंच. माझ्या कार्डाच्या मागे असं असतं: "तांडेल, एसी १५, एचपी ६५, तीन वार +५, पॅरी, जखमी झाला की होडीकडे पळतो." शेवटचा तुकडा कुठल्याच पुस्तकात मिळत नाही, तो तुम्हालाच लिहायचा आहे, आणि लढाईत मी पुढची बाजू क्वचितच उलटून बघते. स्पेलवाल्यांच्या कार्डावर मी तीनच स्पेल लिहिते, त्यांचं डॅमेज आणि सेव्ह शेजारी, बाकीचे त्याला येतात असं समजायचं पण लढाई तीन-चार राउंडच्या पुढे जात नाही त्यामुळे लागतच नाहीत.

पॉइंट द्यायचेच तर एसआरडी ५.१ ला पाचपैकी साडेचार, अर्धा मेज आणि आर्कमेजसाठी कापला. एसआरडी ५.२ ला चार, ब्लॉक जास्त चांगले पण शोधायला त्रास. नेथिसला पाच, पाथफाइंडर खेळत नसाल तरी वकील आणि न्यायाधीशांची पानं एकदा नक्की वाचा. मराठी कार्डांपैकी गार्ड, ठग, स्पाय, बँडिट कॅप्टन आणि नोबल तयार आहेत, क्रेडिटच्या ओळीसकट, कुणाला हवी असतील तर खाली सांगा. पायरेटवाली पुढच्या महिन्यात करतेय.